दाताला आलात, साखर किती?

नवा पेशंट खुर्चीत बसला की मी लगेच तोंड उघडायला सांगत नाही. आधी विचारते. साखर आहे का? बीपीची गोळी कुठली? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? हृदयाची झडप बदलली आहे का? लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? बाई असेल तर दिवस गेले आहेत का? तंबाखू, मशेरी, सुपारी यांतलं काय आणि किती वर्षांपासून? पनवेलच्या जुन्या गावात, वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर माझा दवाखाना आहे. इथली माणसं मनात काही ठेवत नाहीत. "मॅडम, दाढ दुखतेय माझी. साखर कशाला विचारता?" हे मला सतत ऐकावं लागतं. या लेखात मी त्याचंच उत्तर सविस्तर देणार आहे, कारण खुर्चीत बसलेल्या, गाल सुजलेल्या माणसाला ते नीट सांगता येत नाही.

पनवेल हे आयुर्वेदाच्या औषधांचं जुनं गाव. श्री धूतपापेश्वर हा कारखाना इथे १८७२ साली सुरू झाला. त्या परंपरेतल्या वैद्यांना माझे प्रश्न वावगे वाटले नसते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. सकाळी उठल्यावर रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांच्या काडीने दात घासावेत, हिरडीला इजा होऊ देऊ नये, असं तिथे सांगितलंय. लगेच पुढे दातवण कुणी करू नये याची यादी येते. अजीर्ण झालेल्याने, ओकाऱ्या होणाऱ्याने, दमा-खोकला-ताप असलेल्याने, तोंड वाकडं झालेल्याने, तोंड आलेल्याने, हृदयाचा, डोळ्यांचा, कानाचा विकार असलेल्याने. म्हणजे साधी काडी हातात देण्यापूर्वी वैद्य सगळ्या शरीराची चौकशी करत होता. पुढे शिक्षण वेगळं झालं, कॉलेजं वेगळी झाली, फायली वेगळ्या झाल्या, आणि तोंड शरीरापासून सुटं पडलं. मधुमेहाच्या माणसाचे डोळे तपासले जातात, पाय तपासले जातात, लघवी तपासली जाते. त्याच्या हिरड्या बहुतेक वेळा कुणी बघत नाही. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं नुकसान टाळता येण्यासारखं असतं.

सुरुवात हिरडीपासून करते. हिरडीतून रक्त येतं म्हणून माझ्याकडे क्वचितच कुणी येतं. लोक दुसऱ्या कामासाठी येतात आणि मी विचारलं की म्हणतात, हो, ब्रश करताना येतं थोडं, बरीच वर्षं येतंय. कोळीवाड्यातल्या एका मावशींनी तर मलाच विचारलं, "दुखत नाय, मंग कशाला दाखवाचा?" प्रश्न रास्त आहे. दुखलं की डॉक्टर, हा आपला सगळ्यांचा हिशेब. पण हिरड्यांचा आजार बरीच वर्षं दुखतच नाही. दुखायला लागतो तेव्हा दात हलत असतो.

आपल्या तोंडात जिवाणूंच्या शेकडो जाती राहतात. बहुतेक निरुपद्रवी, काही उपयोगीसुद्धा. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या काठावर त्यांचा चिकट थर बसतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो आणि ते ब्रशने निघत नाही. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, ज्यात बरेचसे दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग मी पेशंटना मुद्दाम सांगते, कारण त्यात दिलासाही आहे. सुरुवातीची सूज पूर्ण जाते.

पुढची पायरी मात्र परतीची नाही. सूज तशीच राहिली तर हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खोबण तयार होते. आम्ही तिला पॉकेट म्हणतो. खुणा असलेली बारीक सळई घालून मी ती मोजते. निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर भरते, आजारात ५, ६, ७. आतलं हाड झिजू लागतं. जिवाणूंशी लढताना शरीर जो दाह निर्माण करतं त्यातच हे हाड विरघळतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. हिरड्यांच्या जुन्या आजारात तळहाताएवढी जखम असते, असं भाषणांतून सांगितलं जातं. ते जरा जास्त आहे. २००१ साली काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत हा आकडा ८ ते २० चौरस सेंटिमीटर निघाला. मोठ्यात मोठी धरली तरी आगपेटीच्या वरच्या बाजूपेक्षा किंचित मोठी. पण एवढी जखम दंडावर असती आणि ती वर्षानुवर्षं ओली राहिली असती, तर घरातल्यांनी आपल्याला कधीच डॉक्टरकडे ओढत नेलं असतं.

या ओल्या जागेतून जिवाणू रक्तात शिरतात. दात काढायला आलेल्या २९० जणांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नुसतं ब्रश केल्यावर १०० पैकी २३ जणांच्या रक्तात तोंडातले जिवाणू सापडले. अँटिबायोटिक न देता दात काढल्यावर १०० पैकी ६० जणांच्या. धडधाकट माणसाचं शरीर हे जिवाणू थोड्याच वेळात संपवतं. प्रश्न उरतो तो धडधाकट नसलेल्यांचा.

आणि इथे साखर येते. एसटीत चालक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे आले ते पुढचे दोन दात हलतात म्हणून. गोळ्या वेळेवर घेणारे, सकाळी तलावाला फेऱ्या मारणारे, गोड सोडलेले. तरी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, खाली येत नव्हती. त्यांच्या तोंडात जवळजवळ प्रत्येक दाताभोवती पू होता. पायोरिया हा जुना शब्द त्यांना माहीत होता, पण "वय झालं की होतं" असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, दोघांनी मिळून ठरवलं आणि हिरड्यांच्या खालचं किटण टप्प्याटप्प्याने काढलं. पुढच्या रिपोर्टात साखर थोडी उतरली होती. त्यात गोळ्यांचा वाटा किती, चालण्याचा किती आणि हिरड्यांचा किती, हे एका माणसावरून ठरवता येत नाही.

त्यासाठी मोठे अभ्यास लागतात आणि ते झालेले आहेत. कॉक्रेन ही संस्था जगभरचे प्रयोग एकत्र करून त्यांची कसून छाननी करते. २०२२ साली तिने मधुमेह आणि हिरड्यांचा आजार असे दोन्ही असलेल्यांवरचे ३५ प्रयोग तपासले. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४३ टक्क्यांनी खाली येतं, असं आढळलं. सहा महिन्यांनी हा फरक ०.३० होता. वाचायला किरकोळ वाटतं. पण ज्याची साखर ८.४ वर अडून बसली आहे त्याच्यासाठी तो किरकोळ नाही. यावरून कुणी गोळी किंवा इन्सुलिन सोडावं असा अर्थ मात्र अजिबात काढू नये.

हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. वाढलेल्या साखरेने बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम भरत नाही, लाळ कमी होते आणि हिरडी लवकर सडते. सडलेल्या हिरडीतला दाह शरीरभर पोचतो आणि इन्सुलिनचं काम अवघड करतो. वर उल्लेख केलेल्या लोए यांनी १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं, ते यामुळेच. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा आणि नंतर हिरड्या.

याला आणखी एक अंग आहे, त्यात जिवाणूंचा संबंधच नाही. दात गेले की जेवण बदलतं. थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासोबत मडक्यात भाजायच्या. रायगडच्या माणसाला पोपटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दाढा गेलेला माणूस तिथे कडेला चहा घेऊन बसतो. घरीही त्याची भाकरी सुटते, कोशिंबीर सुटते, शेंगदाणे सुटतात, कडधान्यं सुटतात. उरतो मऊ भात, पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट आणि खारी. आधीच मधुमेह असलेल्या माणसासाठी याहून वाईट ताट कुठलं? कवळी किंवा ब्रिजचा खर्च "आता या वयात कशाला" म्हणून टाळणाऱ्या मुलांना मी हे समजावून सांगते. तोंडात चावायला काहीतरी असणं हा त्यांच्या वडिलांच्या साखरेच्या उपचाराचाच भाग आहे.

हृदयाबद्दल बोलताना मात्र जपून बोलायला हवं. तिथे एक गोष्ट पक्की आहे आणि दुसरी तेवढी पक्की नाही. पक्की ही: हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि झडपांना जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. त्याला एन्डोकार्डायटिस म्हणतात. तोंडात नेहमी राहणारे काही जिवाणू त्याला कारण होतात. ज्यांची झडप कृत्रिम आहे, ज्यांना हा आजार आधी होऊन गेलाय, किंवा ज्यांना जन्मजात हृदयविकाराचे काही प्रकार आहेत, त्यांना दात काढण्यासारख्या कामाच्या तासभर आधी अँटिबायोटिक दिलं जातं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे मी विचारते ते संधिवाताच्या तापाने झडपा खराब होतात म्हणून. अशा पेशंटच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मी दाताला हात लावत नाही. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना निव्वळ त्या कारणासाठी हे औषध लागत नाही, पण झालेलं सांगा जरूर.

तेवढी पक्की नसलेली गोष्ट हार्ट अटॅकची. १९८९ साली फिनलंडमधल्या अभ्यासात, हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब असल्याचं दिसलं. त्यानंतर असे अनेक अभ्यास झाले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली ते सगळे तपासून सांगितलं की दोन्ही आजार बरोबर आढळतात हे खरं, पण हिरड्यांमुळे हृदयविकार होतो किंवा हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, मधुमेह, गरिबी ही दोन्हीची सामाईक कारणं आहेत. म्हणून "दात साफ करा, हार्ट अटॅक टाळा" अशी पाटी मी माझ्या दवाखान्यात लावत नाही.

या सावधपणामागे आमच्या धंद्याचा एक वाईट अनुभव आहे. विलोबी मिलर हे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य. त्यांनी १८९१ साली तोंड हे शरीरातल्या अनेक संसर्गांचं मूळ असू शकतं असं मांडलं. १९१० साली लंडनचे विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या भाषणात दंतवैद्यांच्या सोन्याच्या टोप्यांखाली साठणाऱ्या घाणीवर कोरडे ओढले. त्यात तथ्य होतं. पण पुढची काही दशकं सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशासाठीही चांगले दात उपटण्याची लाट युरोप-अमेरिकेत आली. हजारो लोक बोळके झाले आणि त्यांचे आजार होते तिथेच राहिले. नंतर त्याची एवढी प्रतिक्रिया उमटली की तोंडाचा आणि शरीराचा संबंध हा विषयच बराच काळ मागे पडला. अर्धवट कळलेल्या गोष्टीचा डंका पिटला की असं होतं.

गरोदरपणाबद्दलही तसंच. हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांची बाळंतपणं लवकर होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन प्रयोगात गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने हे प्रमाण घटलं नाही. त्याच प्रयोगातली दुसरी बाब मला जास्त उपयोगाची वाटते. हे उपचार आईला आणि बाळाला सुरक्षित असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे दाढेचा ठणका नऊ महिने सोसत बसायचं कारण नाही.

आता माझ्या तालुक्याकडे येते, कारण तोंडातले जिवाणू आणि कर्करोग यांच्या अभ्यासात पनवेलला जगाच्या नकाशावर जागा आहे आणि इथल्याच पुष्कळांना ते ठाऊक नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. अमित दत्त यांच्या गटाने २०२२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्तन, फुप्फुस, पित्ताशय, गर्भाशयमुख, मोठं आतडं आणि डोकं-मान यांच्या गाठींमध्ये कुठले जंतू सापडतात, हे त्यांनी जनुकीय माहितीतून धुंडाळलं. डोकं-मानेच्या गाठींमध्ये फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू मोठ्या प्रमाणात मिळाला. जिभेच्या कर्करोगात ज्यांच्या गाठीत तो जास्त होता, त्यांचा आजार गळ्यातल्या गाठींपर्यंत अधिक पसरलेला होता आणि ते कमी जगले. फ्युजोबॅक्टेरियम आम्हा दंतवैद्यांच्या ओळखीचा आहे. हिरड्यांच्या खोबणीत राहणारा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही तो सापडतो, हे २०११ पासून ठाऊक होतं. या जिवाणूमुळे कर्करोग होतो असं त्या निबंधाने म्हटलेलं नाही. पण हिरडीतला भाडेकरू गाठीत जाऊन बसतो आणि अशा गाठी जास्त आक्रमक असतात, हे आपल्या खारघरमध्ये बसलेल्या माणसांनी दाखवून दिलं.

तोंडाच्या कर्करोगाचं कारण आपल्याकडे दुसरंच आहे आणि ते दडलेलं नाही. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची २०१६-१७ ची राष्ट्रीय पाहणी सांगते की महाराष्ट्रात १०० पैकी फक्त ४ जण धूम्रपान करतात, पण चोवीसहून अधिक जण तंबाखू तोंडात ठेवतात. सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रावर बोलत असताना आपला खरा शत्रू गालात आणि हिरडीवर बसलेला असतो. मालडुंगे, धोदाणी या माथेरानच्या पायथ्याच्या भागात वाड्यांवर तपासणीला जाते तेव्हा, आणि गावातल्या चांगल्या घरांतही, मला मशेरी भेटते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरडीला लावायची. बायकांना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायचं साधन वाटतं. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं उठतं, असं सांगतात. ते खोटं नसतं. निकोटिनची सवय लागली की न मिळाल्यावर डोकं उठणारच. पंधराव्या वर्षी सासूच्या डबीतून पहिली चिमूट घेतलेली बाई साठीत गालावरचा पांढरा चट्टा घेऊन माझ्यासमोर बसते, तेव्हा तिला रागावण्याचा मला काय अधिकार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायला हवं होतं, कारण ठाऊक झालं होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचा दंतसंशोधन विभाग होता. त्यांच्या पथकांनी पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ साली छापून आला. पुढे याच विभागाने देशातल्या तीन ग्रामीण भागांत ३६,००० हून अधिक तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना सोडण्यासाठी समजावलं आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. समजावल्याने पुष्कळांनी सोडली किंवा कमी केली, आणि अशांत पांढरे चट्टे नव्याने उठण्याचं प्रमाण घटलं. हे १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. समजावून उपयोग होतो, याचा एवढा मोठा पुरावा आपल्या देशातला आहे. म्हणून मी दर वेळी समजावते, तेच तेच.

सुपारीबद्दल तर लोक ऐकून घ्यायलाही तयार नसतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी आमच्या जिल्ह्याचा अभिमान, पूजेत सुपारी, पाहुण्याला सुपारी. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडणं कमी होत जातं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे घरी करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या कोवळ्या पोरांना दोनसुद्धा घालता येत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी हीच पोरं सुगंधी सुपारीचं पाकीट खिशात घेऊन खुर्चीत बसतात. ताठ झालेलं तोंड पूर्ववत करणारं औषध आमच्याकडे नाही. सोडलं तर ते पुढे वाढणं थांबवता येतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला चट्टा, गाठ किंवा जखम असेल तर दुखत नसली तरी दाखवा. ॲक्ट्रेक खारघरला आहे, कामोठ्याला एमजीएमचं आणि खारघरला वायएमटीचं दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो.

गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बीपीची अम्लोडिपिन ही गोळी घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. फिटच्या फेनिटॉइननेही चढतात. पेशंटला वाटतं हिरडीला काहीतरी झालंय, आणि असतं गोळीचं. अशी गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टर पर्याय देऊ शकतात. नैराश्याच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ गेली की दात मुळांशी किडतात. हाडं ठिसूळ होतात म्हणून वर्षाला इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर दात काढायच्या आधी सांगायलाच हवं, कारण त्यांच्या जबड्याची जखम क्वचित भरतच नाही. रक्त पातळ करायची गोळी "दात काढायचाय म्हणून चार दिवस बंद केली" असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. दातातून येणारं रक्त मी टाका घालून, दाबून थांबवू शकते. मेंदूत झालेली गुठळी मला थांबवता येणार नाही.

आणि एक गोष्ट घाईची. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरून दोन्ही बाजूंनी सूज आली, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, ताप आला, तर माझ्यासाठी थांबू नका. श्वासनलिका दबू शकते. थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. दुखणं थांबलं म्हणून दाढ बरी झाली असं मानून गोळ्यांवर महिने काढणाऱ्यांच्या बाबतीत हे होतं.

३० मे २०२३ रोजी राज्य सरकारने स्वच्छ मुख अभियान सुरू केलं आणि सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखूच्या जाहिराती न करणारा माणूस या कामासाठी योग्यच. शाळांमधून मुलांना दोनदा घासायला, चूळ भरायला शिकवलं जातंय, हे फार चांगलं आहे. मला त्यात आणखी एक गट हवा आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं.

पक्षाघात झालेल्या, भान नसलेल्या आजोबांना घरातले स्पंज करतात, कपडे बदलतात, कूस बदलतात. तोंड मात्र तसंच राहतं. "खातच नाहीत काही, मग काय घासायचं?" असं विचारतात. उलट, न खाणाऱ्याच्या तोंडातच थर जास्त साचतो, कारण चावणं नाही, लाळ कमी. झोपेत ती लाळ जिवाणूंसकट फुप्फुसात उतरते. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत ताकेयोशी योनेयामा आणि सहकाऱ्यांनी रहिवाशांचे दोन गट केले. एका गटाची तोंडं रोज जेवणानंतर साफ केली. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या १०० पैकी १९ जणांना न्यूमोनिया झाला, साफ केलेल्यांपैकी ११ जणांना. जपानमधल्याच नंतरच्या एका अभ्यासात, रात्री कवळी घालून झोपणाऱ्या ८५ च्या पुढच्या माणसांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. हृदयाबद्दल मी जपून बोलले, इथे तसं बोलायची गरज वाटत नाही.

काम अवघड नाही. माणसाला शक्य तेवढं बसतं करायचं, नाहीतर एका कुशीवर वळवून डोकं थोडं उंच करायचं. पाठीवर आडवं असताना तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासात जाईल. लहान मुलांचा मऊ ब्रश ओला करून, पेस्ट मटारएवढीच घेऊन किंवा न घेताच, दात, हिरड्या आणि जीभ हळू घासायची. मग स्वच्छ ओल्या गॉजने पुसून घ्यायचं. दात नसलेल्याच्याही हिरड्या आणि जीभ अशाच पुसायच्या. ओठांना व्हॅसलीन. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा झोपवण्यापूर्वी. रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी समजावून घेता, तसं तोंड कसं साफ करायचं हेही नर्सना एकदा करून दाखवायला सांगा. जमत नसेल तर तुमच्या दंतवैद्याला घरी बोलवा. मी जाते, आणि माझ्या ओळखीचे इतरही जातात.